अल्पपोषणातील वृद्धी संप्रेरकाचा प्रतिसाद आणि वय

शरीराला पुरेशी ऊर्जा, प्रथिने किंवा सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळत नाहीत तेव्हा वृद्धी संप्रेरकाच्या स्रवण्यात व कार्यात बदल होतात. या बदलांना अल्पपोषणातील वृद्धी संप्रेरकाचा प्रतिसाद असे म्हणतात. मनुष्यात अन्नाची तीव्र कमतरता असताना रक्तातील वृद्धी संप्रेरक बहुधा वाढते. वाढ मात्र मंदावते किंवा थांबते, कारण या संप्रेरकाच्या आज्ञेवरून यकृतात तयार होणारा इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१ (आयजीएफ-१) कमी पडतो. या अवस्थेस वृद्धी संप्रेरक-रोध म्हणतात. हा प्रतिसाद सर्व वयांत सारखा नसतो. गर्भावस्था, तान्हेपण, बालपण, पौगंडावस्था, प्रौढत्व व वार्धक्य या प्रत्येक टप्प्यावर त्याचे स्वरूप आणि परिणाम वेगळे असतात. खुंटलेली उंची पुढे कितपत भरून निघेल, हेही बऱ्याच अंशी उपासमार कोणत्या वयात झाली यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

वृद्धी संप्रेरक हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन असून ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अग्रखंडात तयार होते. ते सतत पाझरत नाही, तर थोड्या थोड्या वेळाने उसळीने स्रवते. सर्वांत मोठी उसळी सामान्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. या स्रवण्यावर अधश्चेतकातून (हायपोथॅलॅमसमधून) येणाऱ्या दोन संप्रेरकांचे नियंत्रण असते. एक उत्तेजन देते, तर सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक लगाम घालते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे तिसरे उत्तेजक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधले. पोट रिकामे असताना घ्रेलिन वाढते, त्यामुळे भूक आणि वृद्धी संप्रेरक यांचा संबंध अधिक स्पष्ट झाला.

वृद्धी संप्रेरकाची कामे दोन प्रकारची आहेत. पहिले काम वाढीचे. यकृतातील ग्राहींवर बसून ते आयजीएफ-१ तयार करवते, तसेच लांब हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चेवर थेट परिणाम करते. दुसरे काम चयापचयाचे. ते साठलेली चरबी इंधनासाठी मोकळी करते आणि स्नायूंतील प्रथिनांची झीज रोखते. रक्तात आयजीएफ-१ पुरेसा असला की तो पियूषिकेला व अधश्चेतकाला स्राव आवरण्याचा संकेत देतो.

अल्पपोषणात होणारा बदल

अन्न कमी पडू लागले की ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी होतात. इन्सुलिनची पातळी उतरते, यकृतातील ग्राहींची संख्या व त्यांची संवेदनशीलता घटते आणि आयजीएफ-१ची निर्मिती मंदावते. आयजीएफ-१ कमी झाल्याने पियूषिकेवरील लगाम सैल होतो व वृद्धी संप्रेरक वाढते. उपवासात यकृतातून स्रवणारा एफजीएफ-२१ हा घटकही या रोधास कारणीभूत ठरतो, असे उंदरांवरील प्रयोगांत २००८ मध्ये दिसून आले. जंतुसंसर्ग व दाह यांमुळे हा रोध आणखी वाढतो. जस्ताची कमतरता असल्यासही आयजीएफ-१ घटतो.

या मांडणीत शरीराचा एक हिशेब दिसतो. अन्न नसताना उंची वाढवणे हा न परवडणारा खर्च आहे, म्हणून तो थांबवला जातो. चरबी जाळून मेंदूसाठी साखर राखणे व स्नायू वाचवणे मात्र आवश्यक असते, म्हणून वृद्धी संप्रेरकाचे चयापचयाचे काम चालू राहते. डेन्मार्कमधील संशोधनात उपवासाच्या काळात वृद्धी संप्रेरकाचा अभाव असल्यास प्रथिनांची झीज सुमारे दीडपट होते असे आढळले.

या अवस्थेशी साम्य असलेला एक आनुवंशिक विकार आहे. १९६६ मध्ये इस्रायलमधील झ्वी लॅरॉन व सहकाऱ्यांनी अतिशय बुटक्या मुलांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात वृद्धी संप्रेरक भरपूर होते, पण ग्राहींतील दोषामुळे त्याचा उपयोग होत नव्हता. या विकारातील रोध जन्मभर टिकतो. अल्पपोषणातील रोध मात्र पुरेसा आहार मिळाल्यावर हटतो.

वयानुसार प्रतिसाद

गर्भावस्था

गर्भाच्या रक्तात वृद्धी संप्रेरकाचे प्रमाण गर्भारपणाच्या मध्यास सर्वांत जास्त असते व प्रसूती जवळ येताना उतरते. तरीही गर्भाची वाढ त्यावर फारशी अवलंबून नसते, कारण गर्भाच्या यकृतात त्याचे ग्राही थोडे असतात. म्हणूनच जन्मतः वृद्धी संप्रेरकाचा अभाव असलेली अर्भके जन्मावेळी जवळजवळ सर्वसाधारण आकाराची असतात. गर्भाची वाढ मुख्यतः वारेतून येणारे पोषण, इन्सुलिन आणि इन्सुलिनसदृश वृद्धी घटक यांवर चालते. आईचा आहार अपुरा असल्यास वा वारेचे कार्य कमी पडल्यास गर्भातील इन्सुलिन व आयजीएफ-१ घटतात आणि बाळ लहान राहते. या वयात वृद्धी संप्रेरक कितीही वाढले तरी ही हानी त्याने भरून निघत नाही.

नवजात अवस्था व तान्हेपण

नवजात बालकाच्या रक्तात वृद्धी संप्रेरक बरेच असते व पुढील काही आठवड्यांत ते उतरते. गर्भात खुरटलेल्या बाळांत ते आणखी जास्त आणि आयजीएफ-१ आणखी कमी आढळतो. संपन्न देशांतील निरीक्षणांनुसार जन्मतः लहान असलेली सुमारे ८५ ते ९० टक्के मुले पहिल्या दोन वर्षांत उंचीची तूट भरून काढतात. जिथे दूध तुटणे, अतिसार व अपुरा वरचा आहार हे नित्याचे आहे, तिथे ही संधी सहज हुकते.

स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ योहान कार्लबर्ग यांनी १९८७ मध्ये मानवी वाढीचे तीन घटक मांडले : तान्हेपण, बालपण व पौगंड. पहिल्या घटकात वाढ प्रामुख्याने आहारावर चालते. साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान बालपणाचा घटक सुरू होतो व वृद्धी संप्रेरकाचा अंमल ठळक होतो. अल्पपोषित समाजांत ही सुरुवात लांबते. जितका विलंब होतो, तितकी उंचीची तूट वाढते. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर व दुसऱ्या वर्षात साधारण १२ सेंटिमीटर वाढते. पुढे हा वेग वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे या वयातील काही महिन्यांच्या उपासमारीची किंमत नंतरच्या तितक्याच महिन्यांपेक्षा अधिक असते.

ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात पूरक आहाराचा दीर्घ प्रयोग झाला. प्रथिनयुक्त पेयाचा उंचीवरील लाभ तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत स्पष्ट दिसला, त्यानंतरच्या वयात तो जवळजवळ दिसला नाही. गर्भधारणेपासून बालकाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर आज जो भर दिला जातो, त्यास अशा निरीक्षणांचा आधार आहे.

बालपण

तीव्र कुपोषणातील वृद्धी संप्रेरकाची पाहणी प्रथम बालकांतच झाली. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे बर्नार्ड पिमस्टोन व सहकाऱ्यांना सुजवटी (क्वाशिओरकोर) झालेल्या मुलांत वृद्धी संप्रेरक वाढलेले आढळले. उपचाराच्या आहाराने ते उतरले. १९७३ मध्ये याच गटाने अशा मुलांत सोमॅटोमेडिन, म्हणजे आजच्या भाषेत आयजीएफ, कमी असल्याचे दाखवले आणि संप्रेरक भरपूर असूनही वाढ का होत नाही हे कोडे उलगडले. सुकटी (मरॅस्मस) झालेल्या मुलांतील निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत : काहींत संप्रेरक वाढलेले, तर काहींत सर्वसाधारण आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही भारतीय बालकांवर या विषयाचे संशोधन झाले. युगांडातील कंपाला येथील तीव्र कुपोषित बालकांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेच चित्र पुन्हा दिसले : दाखल होताना वृद्धी संप्रेरक जास्त, आयजीएफ-१ कमी आणि उपचारानंतर दोन्हींत सुधारणा.

दीर्घकाळ थोडे थोडे कमी खाणाऱ्या, ठेंगण्या पण फारशा कृश नसलेल्या मुलात वृद्धी संप्रेरक सर्वसाधारणही असू शकते. म्हणून एकट्या वृद्धी संप्रेरकाच्या मोजणीवरून कुपोषणाचे निदान होत नाही. याउलट १९६७ मध्ये अमेरिकेत वर्णन केलेल्या मानसिक-सामाजिक खुजेपणात घरातील उपेक्षेमुळे वृद्धी संप्रेरकच कमी स्रवते. वातावरण बदलले की ते पूर्ववत होते.

पौगंडावस्था

वयात येताना लैंगिक संप्रेरकांमुळे वृद्धी संप्रेरकाच्या उसळ्या मोठ्या होतात व आयजीएफ-१ आयुष्यातील सर्वोच्च पातळीवर पोहोचतो. अल्पपोषणात वयात येणेच लांबते. हाडांतील वाढीची कूर्चा उशिरापर्यंत खुली राहते, त्यामुळे वाढीचा काळ लांबून तुटीचा काही भाग भरून निघू शकतो.

भरून काढण्याच्या वाढीलाही वयाची मर्यादा असते. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ मधील अभ्यासात चांगला आहार मिळाल्यावर त्यांची वाढ झपाट्याने झाल्याचे दिसले. परंतु त्यांची पहिली मासिक पाळी लवकर आली (मध्यक वय ११.६ वर्षे) आणि वाढ लवकर थांबून अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटर राहिली. अधिक वयात दत्तक गेलेल्या मुलींत हा परिणाम अधिक होता.

क्षुधानाश (अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा) झालेल्या किशोरींतही वृद्धी संप्रेरक जास्त व आयजीएफ-१ कमी असतो. हाडे बळकट होण्याच्या वयातच हा रोध आल्याने अस्थिघनता कमी राहते.

प्रौढावस्था

प्रौढात वाढीच्या कूर्चा बंद झालेल्या असतात. त्यामुळे उपासमारीने वजन व बळ घटते, उंची घटत नाही. निरोगी पुरुषांवरील १९८८ च्या अमेरिकन अभ्यासात पाच दिवसांच्या उपवासाने वृद्धी संप्रेरकाच्या उसळ्यांची संख्या व उंची दोन्ही वाढली. १९९२ च्या अभ्यासात दोन दिवसांच्या उपवासाने स्राव सुमारे पाचपट झाला. लठ्ठ व्यक्तींत मुळातच स्राव कमी असतो.

वार्धक्य

तरुणपणानंतर वृद्धी संप्रेरकाचा स्राव हळूहळू घटत जातो. पुरुषांवरील एका अभ्यासात ही घट दर दशकाला सुमारे १४ टक्के आढळली. पोटावरील चरबी वाढल्याने ती आणखी वाढते. आयजीएफ-१ही वयोमानाने उतरतो. वृद्धाच्या रक्तात तो कमी आढळल्यास त्यातील किती भाग वयाचा व किती अपुऱ्या आहाराचा, हे वयानुरूप प्रमाणांशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. स्नायूंचा साठा आधीच घटलेला असल्याने थोड्या दिवसांच्या उपासमारीनेही वृद्धाचे बळ पटकन जाते व ते परत येण्यास वेळ लागतो.

प्राण्यांवरील अभ्यास

सर्व प्राण्यांचा प्रतिसाद मनुष्यासारखा नसतो. मेंढ्यांत अल्पपोषणाने वृद्धी संप्रेरक वाढते, तर उंदरांत उपाशी ठेवल्यास त्याच्या उसळ्या दबतात. प्रथिनांच्या कमतरतेने आयजीएफ-१ मध्ये होणारी घट उंदरांच्या वयावर अवलंबून असते आणि कमी वयाच्या उंदरांत ती अधिक तीव्र असते, असे १९८९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखवले. अशा प्रयोगांनी रोधाची यंत्रणा समजण्यास मदत झाली. तथापि उंदरांवरील निष्कर्ष मनुष्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

पुणे जिल्ह्यातील संशोधन

गर्भातील अल्पपोषणाचा पुढील वयातील संप्रेरकांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा महत्त्वाचा अभ्यास पुण्यात झाला. केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी करून डॉ. आनंद पंडित, डॉ. चित्तरंजन याज्ञिक, ब्रिटनमधील डॉ. कॅरोलाइन फॉल, डॉ. डेव्हिड बार्कर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पुण्यातील २०० मुले व इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील सात वर्षांची मुले यांच्या रक्तातील आयजीएफ-१ मोजला होता. अपेक्षेप्रमाणे उंच व वजनदार मुलांत तो जास्त होता. परंतु सध्याचा आकार सारखा धरून तुलना केली असता जन्मतः कमी वजनाच्या मुलांत तो अधिक आढळला. म्हणजे जन्माच्या वेळी ज्यांच्यात हा घटक कमी असतो, त्याच मुलांत चौथ्या वर्षी तो तुलनेने जास्त दिसतो. गर्भातील कमतरतेमुळे संप्रेरकांच्या या साखळीची घडण बदलत असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘पुणे मातृपोषण अभ्यासा’त जिल्ह्यातील सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी झाली. केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे १९७७ पासून चालू आहे, त्यामुळे या परिसरात अशा दीर्घकालीन कामाची परंपरा होती. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाईसारखी बागायती गावे असली, तरी तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो.

मातृपोषण अभ्यासात ७९७ गर्भवतींच्या आहाराची नोंद झाली. अठराव्या आठवड्यात त्यांच्या आहारात सरासरी सुमारे १,८०० किलोकॅलरी व ४५ ग्रॅम प्रथिने होती. बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की, एकूण ऊर्जा वा प्रथिनांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा बाळाच्या आकाराशी अधिक ठळक संबंध होता. गर्भारपणात शेतीची व घरची जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती, असेही याच अभ्यासात आढळले.

इंग्लंडमधील साडेतीन किलोच्या बाळांशी तुलना केली असता पुण्यातील पावणेतीन किलोच्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालील चरबी बरीचशी टिकून होती. डॉ. याज्ञिक यांनी अशा बाळांना ‘कृश-स्थूल’ असे संबोधले. त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन वजनाच्या मानाने जास्त आढळले. पुण्यातील आठ वर्षांच्या मुलांच्या १९९९ मधील अभ्यासात जन्मतः लहान व आठव्या वर्षी मोठ्या असलेल्या मुलांत इन्सुलिन-रोध सर्वाधिक दिसला. त्यामुळे गर्भातील तूट नंतरच्या वयात केवळ वजन वाढवून भरून काढता येत नाही, हे स्पष्ट झाले.

उपचारातील स्थान

अल्पपोषित व्यक्तीत वृद्धी संप्रेरकाची तूट नसते, रोध असतो. म्हणून हे संप्रेरक बाहेरून टोचणे हा अल्पपोषणावरील उपचार नव्हे. क्षुधानाश झालेल्या प्रौढ स्त्रियांना मोठ्या मात्रेत ते दिले असता आयजीएफ-१ वाढला नाही, उलट उरलेली चरबी घटली, असे २०१० मध्ये बॉस्टन येथील संशोधनात आढळले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन चाचण्यांत अतिदक्षता विभागातील गंभीर आजारी प्रौढांना वृद्धी संप्रेरक दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले.

वृद्धी संप्रेरकाचा खरा अभाव असलेली मुले, तसेच जन्मतः लहान असून नंतरही उंचीची तूट न भरलेली काही मुले यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे औषध दिले जाते. तत्पूर्वी आहार, जंतुसंसर्ग, अवटू ग्रंथी व आतड्यांचे विकार तपासणे आवश्यक असते. आयजीएफ-१ कमी आढळला एवढ्यावरून वृद्धी संप्रेरकाचा अभाव आहे असे मानल्यास भुकेल्या मुलाला महागडी इंजेक्शने सुरू होऊन त्याची भूक तशीच राहण्याचा धोका असतो.

अल्पपोषणातील मूळ उपचार आहार हाच आहे. तीव्र कुपोषित बालकात प्रथम रक्तातील साखर, शरीराचे तापमान, पाणी व जंतुसंसर्ग यांकडे लक्ष दिले जाते. त्यानंतर आहार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. प्रथिने व ऊर्जा दोन्ही पुरेशी असावी लागतात. ऊर्जा फारच कमी असल्यास केवळ प्रथिने वाढवून आयजीएफ-१ पूर्ववत होत नाही.

महाराष्ट्रातील महत्त्व

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश व ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांत बालकांचे वजन, उंची व दंडघेर मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते अतितीव्र कुपोषित गणले जाते. राज्यात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले व पहिल्या हजार दिवसांच्या पोषणावर भर देण्यात आला.

कृशता काही आठवड्यांच्या योग्य आहाराने हटू शकते. ठेंगणेपणाची तूट मात्र दोन-तीन वर्षांच्या वयानंतर फारच थोडी भरून निघते. अंगणवाडीत केवळ वजनाची नोंद ठेवून उंचीची नोंद टाळल्यास ही दुसरी तूट लक्षात येईपर्यंत ती भरून काढण्याचे वय निघून गेलेले असते.

हे सुद्धा पहा

- पियूषिका ग्रंथी
- संप्रेरक
- इन्सुलिन
- कुपोषण
- अंगणवाडी
- शिरूर तालुका